रिकाम्या हाताचा नावाडी

हुळेगारु, ४ जून २०१८

इंचरा कूसे, आशीर्वाद.

वयाने कितीही वाढलीस तरी मला तू कूसेच, लहान पोरच. तुझं पत्र पोचलं. त्याआधी तू ई-मेल केली होतीस म्हणे. आमच्याकडचा टॉवर आठवड्यातले चार दिवस रजेवर असतो, त्यामुळे ती मला पत्रानंतर सहा दिवसांनी दिसली. यापुढे पोस्टानेच लिहीत जा. आमचा सुब्राय पोस्टमन सायकलवरून येतो, सुपारी चघळतो, पाकीट बंद नसलं तर मजकूर आधी स्वतः वाचतो, पण पोचवतो.

तू लिहितेस, माझ्या कॉम्प्युटरमधल्या अंबिगात ‘मूलभूत बदल’ करायचे आहेत. वाचून हातातलं धण्याजिऱ्याचं कषाय सांडलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांनी दगा दिला म्हणून मी अंबिग तुझ्या, सख्ख्या पुतणीच्या, हवाली केला, तो सांभाळण्यासाठी. यात्रेला निघालेला माणूस शेजाऱ्याकडे गाय ठेवून जातो. शेजाऱ्याने तिला चारा घालावा, दूध काढावं. शिंगं कापून ठेवू नयेत.

तुझ्या पिढीला मागचं काही ठाऊक नसतं म्हणून सांगतो. १९९६ साली आमच्या सुपारी संघात कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर कणज हा डेटाबेस आला. आपल्या घरातल्या कणजात भात भरून ठेवतात, तशी त्यात माहिती भरायची. पण ती बाहेर काढणार कशी? प्रोग्राम अल्याड, कणज पल्याड, मध्ये तारांची नदी. जो तो आपापला वेडावाकडा पूल बांधायचा आणि स्वतःच त्यावरून पडायचा. मग मी एक नावाडी केला, नाव ठेवलं अंबिग. प्रोग्रामने प्रश्न द्यावा, अंबिगाने तो पल्याड न्यावा, उत्तर घेऊन यावं. चारशे ओळींचा जीव. आज जगातले बावीस हजार प्रोग्राम त्याच्या होडीत बसतात, आणि तू म्हणतेस त्याला खरं बोलता येत नाही!

तुझा आक्षेप काय, तर लाईन तुटलेली असो की कणज बंद असो, अंबिग तसं सांगत नाही, रिकामी यादी घेऊन परत येतो. हो, येतो. मीच तसा शिकवलाय. पल्याड जाता आलं नाही म्हणून बोंब मारायची आणि प्रोग्रामला जमिनीवर आपटायचं, की शांतपणे रिकामे हात दाखवायचे? याला संस्कार म्हणतात. अंबिग येण्याआधी संघात रोज स्क्रीनवर लाल अक्षरं उमटायची आणि कारकून खुर्च्या सोडून चहाला पळायचे. अंबिग आला आणि लाल अक्षरं बंद झाली. वर्षभरात एकही चूक नाही म्हणून अध्यक्षांनी माझ्या डोक्यावर म्हैसुरी पेटा चढवला, शाल दिली, चंदनाचा हार घातला. तो फोटो पडवीत आहे. लहानपणी तू त्याच्याकडे बोट दाखवून ‘हा कुठला राजा’ असं विचारलं होतंस.

तेव्हा राजाच्या नावाड्याला हात लावू नकोस.

तुझ्या लग्नाचं काय, असं आमची ही, तुझी दोड्डम्मा, विचारते आहे. मी विचारत नाही.

तुझा दोड्डप्पा,
विघ्नेश्वर हेगडे


मल्लेश्वरम, बेंगळुरू, १३ जून २०१८

दोड्डप्पा, नमस्कार.

तुमचं पत्र सुब्रायमामांच्या सुपारीच्या डागासकट मिळालं.

वर्षभरात एकही चूक नाही! कशी असेल? चूक सांगणाऱ्याचं तोंडच तुम्ही शिवून टाकलं होतं. असा पेटा तर मला पहिलीतच मिळायला हवा होता. मीसुद्धा प्रगतिपुस्तक घरी दाखवत नव्हते.

तुमच्या संस्कारी नावाड्याची एक कर्तबगारी सांगते. दावणगेरेला एक वधूवर मंडळ आहे. त्यांचा प्रोग्राम अंबिगावर चालतो. तिथला एक मुलगा तीन वर्षं दर रविवारी दुपारी आपल्यासाठी अनुरूप मुली शोधत होता. दर रविवारी उत्तर एकच: एकही नाही. बिचाऱ्याने मिशी काढली, मग परत ठेवली. पोट कमी केलं. इंग्रजी नावात एक जादा अक्षर घातलं. कुक्केच्या देवळात जाऊन सर्पसंस्काराची शांतही करून आला. शेवटी वैतागून त्याने मंडळाला पत्र लिहिलं, मंडळाने आम्हाला लिहिलं, आणि मी खोदून पाहिलं तर काय? मंडळाचा कणज दर रविवारी दुपारी साफसफाईसाठी बंद असतो. मुली होत्या, दोड्डप्पा. अडतीस होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

‘नाही’ हे एक उत्तर आहे आणि ‘विचारता आलं नाही’ हे दुसरं. माझं सगळं भांडण एवढ्याचसाठी आहे. दोन्हीसाठी तुमचा अंबिग तेच रिकामे हात दाखवतो आणि समोरचा माणूस आपलं नशीब समजून घरी जातो. चौथ्या आवृत्तीत मी हे बदलणार. पल्याड पोचता आलं नाही तर अंबिग तसं स्पष्ट सांगेल आणि प्रोग्रामला तिथेच थांबवेल.

दोड्डम्माला सांगा, माझ्या लग्नाचंही त्या अडतीस जणींसारखंच आहे. मुलगी आहे, लाईन बंद आहे.

तुमची,
इंचरा


हुळेगारु, २ जुलै २०१८

इंचरा कूसे, आशीर्वाद.

तुझ्या मिशीवाल्याची गोष्ट दोड्डम्माला वाचून दाखवली. ती इतकी हसली की तव्यावरचा दोसा करपला. म्हणजे माझ्या नाश्त्याचं नुकसानही तुझ्याच खात्यावर.

आता नीट ऐक. एका मिशीसाठी बावीस हजार प्रोग्राम पाण्यात ढकलायचे नसतात. अंबिग आजवर वाढला तो कसा? २००३ साली दुसरी आवृत्ती केली. तेव्हा जर्मनीतल्या ब्रेमेनहून योआखिम नावाच्या भल्या माणसाने मदत केली. त्याने होडी हलकी केली, प्रश्न तिप्पट वेगाने जाऊ लागले. तिसरी २०११ सालची. तोपर्यंत दर प्रश्नाला नवी होडी पाण्यात सोडावी लागायची. आम्ही दहा होड्या काठाला बांधूनच ठेवल्या, आला प्रश्न की बसव आणि सोड. एवढे शहाणे लोक येऊन गेले, पण रिकाम्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही. का? कारण बावीस वर्षांत लोकांनी त्याच हातावर आपापली घरं बांधली आहेत. ‘यादी रिकामी आली तर पुढे असं करा’ असं त्यांनी हजारो ठिकाणी लिहून ठेवलंय. तुझा नावाडी एकाएकी किंचाळू लागला की ती सगळी घरं बसतील, आणि शिव्या कुणाला? हेगड्यांच्या घराण्याला.

शिवाय आपली काही रीत आहे की नाही? दिवा विझवायचा असला तरी आपल्याकडे ‘दिवा मोठा कर’ म्हणतात. अशुभ तोंडातून काढत नाहीत. नावाड्याने तेच केलं तर तो खोटारडा कसा झाला?

नुसतं बोलून थांबलो नाही. मी तालुक्याला गेलो, झेरॉक्सच्या दुकानात बसलो, आणि तुमची ती इंटरनेटवरची चर्चेची पाटी उघडून सगळ्या जगासमोर लिहून आलो: ‘चौथ्या आवृत्तीला मूळ लेखकाचा विरोध आहे.’ मी माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी त्या पाटीने मला नऊ चौकटींतून बस ओळखायला लावली. मी ओळखली.

सोबत फणसाचे पापड, म्हणजे आपले हप्पळ, पाठवले आहेत. दोड्डम्माने. माझा त्याला पाठिंबा नाही.

वि. हे.


बेंगळुरू, २१ ऑगस्ट २०१८

दोड्डप्पा, नमस्कार.

अभिनंदन. तुम्ही जिंकलात.

तुमच्या एका ओळीखाली दोनशे चौदा जणांनी लिहिलं. ‘ज्याने बनवलं त्याला काही किंमत आहे का?’ ‘आमचा प्रोग्राम दहा वर्षं सुरळीत चालला आहे.’ सुरळीत! ब्रेमेनच्या योआखिमने तर, मूळ लेखकाचा मान राखणं हीच आपली परंपरा आहे, असा सव्वा पानी निबंध लिहिला. त्याची परंपरा कुठून आली देव जाणे, बहुतेक तुम्हीच हप्पळाबरोबर पाठवली असणार. इथे ऑफिसातले साहेबही म्हणाले, ‘इंचरा, लोकांना त्रास होणार नाही असं काही बघ.’ सहा आठवडे मी एकटी भांडले. आता दमले.

म्हणून चौथी आवृत्ती नाही. ३.९ काढते आहे. त्यात एक खटका आहे. खटका चालू केला तर अंबिग खरं बोलेल, बंद ठेवला तर तुमच्यासारखा हसून रिकामे हात दाखवेल. आणि खटका घरी येताना बंदच येईल. कुणी मुद्दाम चालू केला तरच चालू. सोबत एक इशाराही ठेवला आहे, ‘ही सवय पुढच्या आवृत्तीत बदलणार आहे, सावध राहा.’ तो अशा वहीत छापला जातो जी कुणीही कधीच उघडत नाही. सगळे खूश झाले. एक मीच नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. खटका बसवताना मी तुमच्या १९९६ सालच्या त्या चारशे ओळींपर्यंत खाली उतरले. रिकामी यादी परत देणाऱ्या ओळीशेजारी तुमचीच टीप आहे: ‘तात्पुरतं. संघाची लाईन सुधारली की काढणे. वि. हे.’

संस्कार म्हणे! संघाच्या साहेबांना लाल अक्षरं आवडत नव्हती म्हणून मारलेलं ठिगळ होतं ते, दोड्डप्पा. काढायचं राहून गेलं. मध्ये पेटा आला.

इंचरा


हुळेगारु, ३ सप्टेंबर २०१८

इंचरा कूसे, आशीर्वाद.

शहाणी आहेस. ३.९ ची बातमी पडवीतल्या फोटोला वाचून दाखवली. टिपेबद्दल म्हणशील तर जगात टिकलेली सगळी कामं मुळात तात्पुरतीच असतात. आमच्या गोठ्याचं छप्परसुद्धा तात्पुरतं आहे, १९७१ पासून.

बाकी ठीक. बागेत काम करताना दोड्डम्माच्या पायाला कोयता लागलाय. हळद दाबली आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस, हरणंही शिकावं लागतं. माझ्याकडून शिकता येणार नाही, मला त्याची सवय नाही.

वि. हे.


हुळेगारु, २७ सप्टेंबर २०१८

चि. इंचरा,

एक विचारायचं आहे. खटका घरी येतानाच चालू असेल, असं करायला किती दिवस लागतील? किंवा खटकाच काढून टाकून अंबिगाने सरळ खरंच सांगावं, असं केलं तर किती? लोकांनी आधीची आवृत्ती बदलून ही घ्यावी यासाठी काय करावं लागतं? जमेल तितक्या लवकर कळव.

दोड्डम्मा बरी आहे.

विघ्नेश्वर हेगडे


बेंगळुरू, ४ ऑक्टोबर २०१८

दोड्डप्पा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. ‘कूसे’ नाही, आशीर्वाद नाही, एक टोमणासुद्धा नाही. म्हणजे भलतंच काहीतरी शिजतंय. तालुक्यात पुन्हा सत्कार ठरलाय का? ‘खऱ्याचा कैवारी विघ्नेश्वर हेगडे’ असा फलक, दुसरा पेटा, दुसरी शाल?

दोड्डप्पा, मी जून महिन्यापासून याच एका गोष्टीसाठी जगभरच्या शिव्या खाल्ल्या. तुमच्या एका ओळीने मला सगळ्यांपुढे तोंडावर पाडलं. आता महिन्याभरात तुमचं मन पालटलं म्हणून मी परत त्याच पाटीवर जाऊन नाक घासायचं? ३.९ नऊ हजार ठिकाणी पोचली आहे, लोक शांत आहेत, साहेब शांत आहेत. चौथीचं पुढच्या वर्षी पाहू. तोवर तुमचा दिवा मोठा करून अंधारात बसा. अंधारात पानात काय वाढलंय ते दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

दोड्डम्माचा पाय कसा आहे? तिला मला दोन ओळी लिहायला सांगा. तुमच्या ‘बरी आहे’वर माझा भरवसा नाही. तुम्ही रिकाम्या हातांच्या घराण्यातले.

इंचरा


हुळेगारु, १० ऑक्टोबर २०१८

प्रिय इंचरा,

तू दोन ओळी मागितल्यास, जास्तच होतील. हे बागेत गेलेत तेवढ्यात लिहिते. सुब्रायला सांगितलंय, हे पत्र वाचलंस तर घरचं ताक बंद.

पायाची जखम चिघळली. सप्टेंबरच्या अकरा तारखेला मला एकशे चार ताप होता. तोंडातून एक शब्द सरळ निघत नव्हता. यांनी जीप बोलावून तालुक्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर नवीन होते, चांगला मुलगा आहे. त्यांनी माझा नंबर घालून कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, कुठलं औषध सोसत नाही असं काही आहे का. यादी आली, रिकामी. तरी त्यांनी यांना विचारलं, ‘सर, तुम्हाला काही माहीत आहे?’ तुझे दोड्डप्पा छाती काढून म्हणाले, ‘कॉम्प्युटर सांगतोय ना? आत माझाच नावाडी आहे. वर्षानुवर्षं चुकलेला नाही.’

मी ते ऐकत होते. ओरडावंसं वाटत होतं, पण जीभ हलेना.

दोन वर्षांपूर्वी दाढ सुजली होती तेव्हा त्याच इस्पितळात मला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं आणि अंगभर गांधी उठल्या होत्या. फिलोमिना सिस्टरने तेव्हा स्वतः ते कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलं होतं. यांना मी घरी आल्यावर सांगितलंही होतं. पण त्या दिवशी हे बाहेर बाकावर बसून एका अनोळखी माणसाला अंबिगाची कथा सांगत होते. तेव्हाच्या कथेतून बहुतेक घरी आल्यावरही बाहेर पडले नव्हते.

या वेळी पुन्हा तेच इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत माझा गळा आवळला. श्वास येईना. फिलोमिना दुसऱ्या खोलीत होती. गडबड ऐकून धावत आली, मला पाहिलं आणि ओरडली, ‘हिचं मी लिहून ठेवलंय!’ तिनेच उताऱ्याचं औषध टोचलं म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.

झालं होतं काय, तर सकाळपासून लाईन तुटलेली होती. अंबिग पल्याड गेलाच नव्हता. आपल्या रीतीप्रमाणे त्याने नम्रपणे रिकामे हात दाखवले.

हे दुसऱ्या दिवशी इस्पितळाचं कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, ‘आम्ही आठवड्यापूर्वीच नवीन ३.९ घातली आहे, खटका जसा आला तसा ठेवला. मूळ लेखकाचंच म्हणणं होतं ना?’ यांनी आपण कोण ते सांगितलं नाही. इंचरा, लग्नाला चौतीस वर्षं झाली. आपण कोण ते न सांगता हे कुठून परत आले असं मी पहिल्यांदा पाहिलं.

तुला लिहायचं नाही असं यांनी मला बजावलं आहे. तुला अपराधी वाटेल म्हणतात. खरं म्हणजे स्वतःला लाज वाटते. फोटो यांनी स्वतःच्या हातांनी उतरवला. शाल मी हप्पळ वाळत घालायला घेतली आहे, फार छान वाळतात.

तू मला विचारलंस म्हणून सांगितलं. विचारलं नसतंस तर ‘दोड्डम्मा बरी आहे’ एवढंच तुला कळलं असतं.

शरावती


बेंगळुरू, १८ ऑक्टोबर २०१८

दोड्डम्मा,

खटका बंद ठेवून मीच पाठवला होता. दोड्डप्पांनी बावीस वर्षांपूर्वी केलं ते त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं, तरी मी केलं. लोक ओरडू नयेत म्हणून. साहेब खूश राहावेत म्हणून. दोड्डप्पांना पेटा तरी मिळाला होता, मी फुकटात केलं. तुझं पत्र वाचल्यापासून जेवण जात नाही. मला माफ कर म्हणायचीही लाज वाटते, तरी म्हणते.

चौथी आवृत्ती रविवारी निघाली. कुणालाही न विचारता काढली. सोबतच्या निवेदनात मी जे लिहिलं ते जसंच्या तसं देते. दोड्डप्पांना मोठ्याने वाचायला लाव:

‘अंबिग यापुढे रिकाम्या हाताने खोटं बोलणार नाही. पल्याड पोचता आलं नाही तर तो तसं सांगेल आणि प्रोग्रामला तिथेच थांबवेल. खटका काढून टाकला आहे, परत मागू नये. ज्यांचे प्रोग्राम यामुळे कोसळतील, त्यांचे ते आधीच कोसळलेले होते, फक्त कुणी सांगितलं नव्हतं. ३.९ मध्ये खटका बंद ठेवण्याची चूक माझी. इंचरा हेगडे.’

शिव्या सोमवारी सकाळीच सुरू झाल्या. त्यातल्या एका ग्रंथालयाची शिवी मी जपून ठेवणार आहे. चार वर्षं दर सोमवारी त्यांची लाईन बंद असायची. त्यामुळे ‘हे पुस्तक आपल्याकडे नाही’ असं समजून त्यांनी एकाच पाककृतींच्या पुस्तकाच्या सोळा प्रती आणल्या. आता ते मला विचारतात, पंधरा परत घेणार का?

साहेबांनी बोलावलं होतं. मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव.’

तुमच्या इस्पितळाच्या माणसाला मी स्वतः फोन केला. तीन दिवस लाईन लागत नव्हती. चौथ्या दिवशी लागली. चौथी आवृत्ती तिथे बसली आहे.

दिवाळीला येते. त्या शालीवर मलाही हप्पळ घालायचे आहेत.

तुझी इंचरा

ता. क. दोड्डप्पांसाठी: चर्चेच्या पाटीवर काल एक नवीन ओळ दिसली, झेरॉक्सच्या दुकानातून आलेली. ‘चौथ्या आवृत्तीला मूळ लेखकाचा पाठिंबा आहे. आधीच्या विरोधाबद्दल मूळ लेखक मूर्ख होता.’ खाली योआखिमचं एक वाक्य आहे, हेसुद्धा परंपरेत बसतं म्हणून.


हुळेगारु, १२ डिसेंबर २०१८

इंचरा कूसे, आशीर्वाद.

दिवाळीला तू येऊन गेलीस, हप्पळ वाळवलेस, माझ्याशी धड बोलली नाहीस. चूक तुझी नाही. मीही बोललो नाही. दोघेही लाईन बंद ठेवून रिकामे हात दाखवत बसलो. तेव्हा हे पत्र.

काल पायाचं शेवटचं पाहून घ्यायला दोड्डम्माला इस्पितळात नेलं. तोच डॉक्टर, तोच कॉम्प्युटर. त्याने नंबर घातला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. बावीस वर्षांनी पाहिली. ‘कणजापर्यंत पोचता आलं नाही. माणसाला विचारा.’ रांगेतले लोक कुरकुरले. एक जण म्हणाला, ‘पूर्वीचं बरं होतं, कधी अडायचं नाही.’ मी त्याच्याकडे वळून काहीतरी बोलणार होतो. दोड्डम्माने माझ्या पायावर पाय दिला, तोच बरा झालेला.

डॉक्टरांनी कॉम्प्युटर बाजूला सारला, कागद ओढला, तिच्याकडे वळून विचारलं, ‘अम्मा, तुम्हाला काय काय सोसत नाही?’

ती म्हणाली, ‘एक ते पेनिसिलिन. आणि दुसरे हे माझे यजमान.’

फिलोमिना सिस्टरने दोन्ही लिहून घेतलं.

परत येताना बसमध्ये मी दोड्डम्माला विचारलं, ‘खरंच सोसत नाही का ग?’ ती खिडकीबाहेर पाहत राहिली, काही बोलली नाही. गेली चौतीस वर्षं याचा अर्थ मी ‘तसं काही नाही’ असा लावत आलो. रिकामी यादी आली, प्रश्न मिटला, पुढचं काम. काल मला भीती वाटली. कूसे, त्या अकरा तारखेला तिचा श्वास अडकला होता तेव्हा वाटली तेवढीच वाटली. म्हणून परत विचारलं. ती गप्प. तिसऱ्यांदा विचारलं.

मग ती बोलू लागली, लग्नाच्या दिवसापासून. आपल्या फाट्यावर बस थांबली तेव्हा यादी १९९१ पर्यंत आली होती.

तुझा दोड्डप्पा